दोन शहरं, एक जंगल, बारा रात्री: नेपाळ स्वतः आखून फिरायचं तर

उत्तर प्रदेशातल्या सुनौलीची सीमेवरची कमान चालत ओलांडली की पहिलं काम घड्याळाचं. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे आहे. फोन आपोआप वेळ बदलतो हे खरं, पण सीमेजवळ तो बराच वेळ भारताचाच टॉवर धरून बसतो आणि बिनधास्त जुनी वेळ दाखवत राहतो. माझी पहिली बस अशीच गेली. फोनमध्ये सातला दहा कमी होते, मी चहा पीत होतो आणि सातची बस केव्हाच सुटली होती.

ही चूक सिंगापूरला किंवा दुबईला कुणी करत नाही, कारण तिथे जाताना आपण सावध असतो. नेपाळला व्हिसा लागत नाही, पाट्या देवनागरीत, देव तेच, हिंदी बहुतेकांना कळते. त्यामुळे माणूस नाशिकला निघाल्यासारखा निघतो आणि मग कागद, पैसे, रस्ते, सुट्ट्या यात एकेक करून अडकतो. म्हणून पुढचं सगळं परदेशी जातोय असं समजूनच वाचा.

कधी जायचं

हिमशिखरं बघायची असतील तर ऑक्टोबर-नोव्हेंबर. पावसाने हवा धुऊन काढलेली असते. प्राणी बघायचे असतील तर फेब्रुवारी ते एप्रिल, कारण तोपर्यंत तराईतलं, म्हणजे भारताच्या सीमेलगतच्या सपाटीतलं, माणसाहून उंच गवत कापून-जाळून खाली आलेलं असतं. दोन्ही एकाच फेरीत हवं असेल तर मार्चचा पहिला पंधरवडा ही माझी निवड. डोंगरात लालीगुराँस (ऱ्होडोडेंड्रॉन) फुलायला लागलेला असतो. एप्रिलमध्ये धुराने आणि धुळीने आकाश असं गढूळ होतं की पोखऱ्यात चार दिवस राहून एकही शिखर न दिसलेली माणसं मला भेटली आहेत.

जून ते सप्टेंबर डोंगरी रस्त्यांवर दरडींचा काळ, तेव्हा नको. डिसेंबर-जानेवारीत तराईत दाट धुकं असतं. विमानं रखडतात आणि जंगलात सकाळी दहापर्यंत समोरचं झाडही दिसत नाही.

दशैंची, म्हणजे त्यांच्या दसऱ्याची, तारीख मात्र नक्की बघून घ्या. घटस्थापना आपल्याच नवरात्राची, पण सण पंधरा दिवसांचा. अख्खं काठमांडू आपापल्या गावी निघतं, बसची तिकिटं संपतात, खानावळी बंद होतात. तिहार म्हणजे त्यांची दिवाळी. तेव्हा जायला मात्र मजा आहे. एका दिवशी कुत्र्यांची पूजा असते आणि गल्लीतली सगळी भटकी कुत्री गळ्यात झेंडूच्या माळा घालून हिंडत असतात.

कागद

विमानाने जाताना मोठ्या माणसाला दोनच गोष्टी चालतात: पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र. आधार कार्ड फक्त १५ वर्षांखालच्यांना आणि ६५ वर्षांवरच्यांना चालतं. विमानतळावर 'सगळीकडे आधार चालतं हो' म्हणत हुज्जत घालणारे हमखास दिसतात. कुटुंबातल्या १५ ते १८ वयाच्या मुलांसाठी शाळेचं ओळखपत्र जवळ ठेवा. पासपोर्ट असेल तर तोच न्या. सिमकार्ड, परमिट, हॉटेल सगळीकडे काम लवकर होतं. पासपोर्ट आकाराचे चार-सहा फोटो आणि ओळखपत्राच्या झेरॉक्स वेगळ्या पिशवीत टाका.

स्वतःची गाडी न्यायची असेल तर सीमेवर 'भन्सार' करावा लागतो. भन्सार म्हणजे जकात कार्यालय, आणि गाडीच्या परवान्यालाही बोलीत तेच म्हणतात. तो ठरावीक दिवसांचा असतो. एक दिवस जास्तीचा घेऊन ठेवा. मुदत उलटली की दंड आहे. मी स्वतः गाडी नेण्याच्या विरोधात आहे. कारण पुढे रस्त्यांबद्दल लिहिलंय तिथे कळेल.

पैसे: आयसी की एनसी?

१०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी. हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, त्यामुळे हिशोब सोपा: नेपाळी आठशे म्हणजे आपले पाचशे. आठाचे पाच, एवढं डोक्यात ठेवलं की झालं.

गोंधळ दुसरीकडे आहे. सीमेजवळ आणि पर्यटकांच्या भागात भाव दोन्ही चलनांत सांगतात. भारतीय रुपयाला 'आयसी' म्हणतात आणि नेपाळी रुपयाला 'एनसी'. कुणी 'पाँच सय' म्हणाला की लगेच विचारा, आयसी की एनसी? नाहीतर बसल्यानंतर, खाल्ल्यानंतर किंवा उतरल्यानंतर कळतं. सीमेपलीकडच्या भैरहवाला एका रिक्षावाल्याने मला हे उतरल्यावर सांगितलं, आणि चूक त्याची नव्हती.

भारतीय नोटा न्यायच्या तर शंभरच्या न्या. त्याहून मोठ्या नोटांचे नियम अनेकदा फिरले आहेत. निघण्याच्या आठवड्यात चालू नियम बघा, पण दुकानदार शंभरची नोट बिनबोभाट घेतो. २०२४ पासून फोनपेच्या क्यूआरवर भारतीय यूपीआय चालायला लागलं आहे. हे नेपाळी 'फोनपे', आपल्याकडचं निराळं. शहरातल्या दुकानांत याचा चांगला उपयोग होतो. जंगलाच्या गावात आणि डोंगरात रोख लागतेच.

शनिवार ही तिथली साप्ताहिक सुट्टी. रविवारी बँका-कचेऱ्या उघड्या असतात, शनिवारी बंद. पैसे बदलणं, परमिट काढणं अशी कामं शुक्रवारी दुपारपर्यंत उरका.

आखणी: कात्री लावा

नकाशात नेपाळ एवढंसं दिसतं. काठमांडू ते पोखरा २०० किलोमीटर. आपण मनात म्हणतो चार तास. प्रत्यक्षात सात ते नऊ. पृथ्वी राजमार्ग त्रिशूलीच्या काठाने वळत जातो, रुंदीकरणाचं काम कुठे ना कुठे चालू असतं आणि एखादा ट्रक बंद पडला की दोन्ही बाजूंना मैलभर रांग. म्हणून माझा नियम असा की प्रवासाच्या दिवशी प्रवासच करायचा. संध्याकाळचं काहीही ठरवायचं नाही आणि रात्रीची बस कितीही सोयीची वाटली तरी घ्यायची नाही.

बारा रात्री असतील तर अशी वाटणी करा: काठमांडू खोऱ्यात चार, चितवनला तीन, पोखरा आणि घान्द्रुक मिळून चार, परतीला लुंबिनीत एक. विमानाने काठमांडूत उतरायचं आणि जमिनीवरून सुनौलीमार्गे गोरखपूरला येऊन रेल्वे पकडायची. मुंबईसाठी कुशीनगर एक्स्प्रेससारख्या गाड्या आहेत. एकाच रस्त्याने परत फिरावं लागत नाही हा याचा मोठा फायदा. मुक्तिनाथ, जनकपूर, एव्हरेस्टचं विमान हे सगळं या फेरीत कोंबू नका.

जाताना दिल्ली-काठमांडू विमानात डावीकडची खिडकी मागा. विमान पूर्वेकडे जातं, हिमालय डावीकडे असतो.

काठमांडू खोरं: थमेलमध्ये राहू नका

थमेल ही पर्यटकांची गल्ली. ट्रेकिंगचं सामान, पैसे बदलणारे, कॉफी, सगळं तिथे मिळतं. एक संध्याकाळ पुरे. मुक्काम मात्र पाटण किंवा भक्तपूरला करा. खोऱ्यात मल्ल राजांची तीन राज्यं होती: काठमांडू, पाटण, भक्तपूर. प्रत्येकाचा आपापला दरबार चौक. हे तीन चौक आणि स्वयंभू, बौद्धनाथ, पशुपती, चांगुनारायण अशी सात ठिकाणं मिळून १९७९ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. एका दिवसात सात उरकणारी टॅक्सी मिळते. ती घेऊ नका.

भक्तपूरला रत्नपार्कजवळून बस मिळते, तेरा-चौदा किलोमीटर. वेशीवर परदेशी पाहुण्यांना तिकीट आहे. आपल्याला सार्कचा दर लागतो, तो बराच कमी असतो. ओळखपत्र हातात धरूनच खिडकीवर जा. राहायचं असेल तर तिकीट घेतानाच सांगा, म्हणजे तेच पुढच्या दिवसांना चालतं.

राहायचं ते सकाळसाठी. दिवसाचे पर्यटक पाचला परततात आणि दुसऱ्या दिवशी दहाला येतात. मधलं भक्तपूर तुमचं. पहाटे साडेपाचला पितळी ताटात फुलं, अक्षता, दिवा घेऊन बायका गल्लीगल्लीतल्या गणपतीपाशी येतात, घंटा वाजवतात आणि दोन मिनिटांत दुसऱ्या देवळाकडे वळतात. कुंभारांच्या चौकात मडकी उन्हात मांडायला सुरुवात झालेली असते. न्यातपोल हे पाच छपरांचं मंदिर १७०२ सालचं. पायऱ्यांवर खालून वर पहिलवान, हत्ती, सिंह, गरुडसिंह आणि देवता अशा जोड्या बसवल्या आहेत. प्रत्येक जोडी खालच्या जोडीच्या दसपट बलवान, अशी समजूत. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात भोवतालची देवळं कोसळली आणि हे उभं राहिलं. सगळ्यात वरच्या पायरीवर बसून जुजु धौ खा. धौ म्हणजे दही, जुजु म्हणजे राजा. मातीच्या वाडग्यात लावतात, पाणी माती शोषते आणि दही चमच्याने कापावं लागतं इतकं घट्ट होतं. आपल्या खरवसाची आठवण झाली तर नवल नाही.

पाटणचं कृष्णमंदिर १६३७ चं, पूर्ण दगडी. पहिल्या मजल्याच्या पट्टीवर महाभारत आणि वरच्या पट्टीवर रामायण कोरलं आहे. ते वाचायला तास द्या. तिथलंच पाटण संग्रहालय मी नेपाळमधलं सर्वांत नीट मांडलेलं संग्रहालय मानतो.

पशुपतिनाथला सकाळी दर्शन आणि संध्याकाळी बागमतीच्या काठावरची आरती. चामड्याचा पट्टा-पाकीट आत चालत नाही, मुख्य मंदिरात फोटो काढायचा नाही. शनिवारी आणि सोमवारी गर्दी फार. पलीकडच्या घाटावर चिता जळत असतात. तिकडे कॅमेरा वळवणारे आपलेच लोक जास्त असतात, हे बघून लाज वाटते.

शहरात फिरायला पठाओ किंवा इनड्राइव्ह हे अॅप घ्या. साधी टॅक्सी केली तर बसण्याआधी भाडं ठरवा.

पाट्या वाचा, पण जपून

युरोपातून आलेल्या माणसाला जे जमत नाही ते आपल्याला येतं: बसवरची पाटी वाचता येते. याचा पुरेपूर फायदा घ्या. पसल म्हणजे दुकान, प्रहरी म्हणजे पोलीस, विमानस्थल म्हणजे विमानतळ, निकुञ्ज म्हणजे राष्ट्रीय उद्यान. 'खाजा घर' वाचून मालवणी खाजा मिळेल या आशेने आत शिरू नका. खाजा म्हणजे मधल्या वेळचं खाणं. आत मोमो, चाऊचाऊ आणि चिवड्यासारखे कोरडे पोहे मिळतात. 'खाना' म्हटलं की दाल-भात-तरकारी. वाढप पुन्हा पुन्हा होतं. हवं असेल तर 'थपिदिनुस्', बास म्हणायचं असेल तर 'पुग्यो'. पुग्यो वेळेवर म्हटलं नाही तर ताटात भाताचा डोंगर.

मोमोच्या यादीत 'बफ' दिसेल. ते म्हशी-रेड्याचं मांस. चालत नसेल तर 'भेज' मागा आणि खात्री करून घ्या.

माणसाला हाक मारताना दाइ, दिदी, भाइ, बहिनी. 'ए भाई, इधर आ' असं हुकुमी हिंदी तिथे अजिबात आवडत नाही, आणि का आवडावं? 'दाइ, कति हो?' असं विचारलं की चेहराही बदलतो आणि कधीकधी भावही.

चितवन: पायी चला

काठमांडूहून सौराहाला थेट पर्यटक बस जाते; सकाळी निघून दुपारी पोचते. चितवन हे नेपाळचं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९७३ चं. १९८४ पासून जागतिक वारसा. क्षेत्र ९५२ चौरस किलोमीटर. २०२१ च्या गणनेत नेपाळात ७५२ एकशिंगी गेंडे निघाले, त्यांतले ६९४ एकट्या चितवनात. त्यामुळे तीन रात्रींत गेंडा न दिसणं कठीण. २०२२ मध्ये इथे १२८ वाघ मोजले. वाघाचा मात्र हट्ट धरू नका.

सौराहा हे हॉटेलांचं गाव, राप्ती नदीच्या अलीकडे. पलीकडे जंगल. बुकिंग करताना 'तीन दिवसांचं पॅकेज' गळ्यात मारतात. त्यात हत्तीची सफर, इथल्या थारू जमातीचा नाच, बैलगाडी असतं आणि जंगलात प्रत्यक्ष वेळ तीन-चार तास. पॅकेज न घेता खोली घ्या आणि सफरी तिथे जाऊन सुट्या ठरवा. प्रवेशशुल्क दिवसागणिक आहे, इथेही सार्कचा वेगळा दर. पहिल्या दिवशी संध्याकाळी नदीकाठ, दुसऱ्या दिवशी पूर्ण दिवस पायी, तिसऱ्या दिवशी जीप. हत्तीवर बसू नका. त्यांना कसं वळण लावतात हे ऐकलं की बसवत नाही.

पायी सफर हीच चितवनची खरी गोष्ट. भारतातल्या बहुतेक व्याघ्रप्रकल्पांत जीपमधून पाय खाली टेकवायची सोय नाही. इथे परवानगी आहे, पण किमान दोन गाईड लागतात. एक पुढे, एक मागे. हातात फक्त काठी. दोघांनाही आदल्या संध्याकाळी भेटा. परवाना बघा, पाच मिनिटं बोला. 'उद्या वाघ दाखवतोच' म्हणणारा नको. किती वर्षं चालतोय, शेवटी काय दिसलं, असं विचारल्यावर जो पक्ष्यांबद्दलही बोलायला लागतो तो घ्या.

सकाळी एकाच खोडातून कोरलेल्या होडीतून निघायचं. होडी इतकी अरुंद की शिंक आली तरी सगळे दचकतात. काठ पाण्याच्या जेमतेम वीतभर वर. वाळूवर मगर आणि लांब सडपातळ तोंडाची सुसर दोन्ही दिसतात. उद्यानातल्याच कसारा इथे १९७८ पासून सुसरींचं प्रजनन केंद्र आहे. उतरल्यावर गाईड तुम्हाला उभं करून सूचना देतो. मन लावून ऐका. गेंडा अंगावर आला तर झाडावर चढा, झाड नसेल तर नागमोडी पळा, कारण त्याला दिसतं कमी. अस्वल आलं तर सगळ्यांनी एकत्र गोळा व्हायचं, काठ्या आपटायच्या. वाघ दिसला तर पाठ फिरवायची नाही, नजर न काढता मागे सरकायचं.

हे सगळं ऐकताना मी हसत होतो. तासाभराने गवतात फुस्स असा आवाज झाला, म्हैस नाकातून सोडते तसा, पण कितीतरी मोठा. पुढच्या गाईडने हात मागे करून बोटं मिटली. वीसेक पावलांवर गवत हललं आणि आधी कान दिसले, मग चिखलाने माखलेली पाठ. आम्ही पाच माणसं एका सालवृक्षाच्या मागे उभी, जणू ते झाड पाचांना पुरणार होतं. गेंड्याने आमच्याकडे बघितलं का, ते सांगता येणार नाही. तो चरत राहिला. पाऊण तास आम्ही त्याच्या जाण्याची वाट बघितली, कारण वाट त्याच्याच बाजूने होती.

कपडे मळखाऊ रंगांचे, लांब बाह्यांचे, बूट बंद. लाल-पांढरं नको. डासांचं मलम, दोन लिटर पाणी, डब्यात जेवण. पावसाळा संपता संपता गेलात तर जळवांसाठी मोजे.

ज्यांना चितवन गर्दीचं वाटेल त्यांनी पुढच्या खेपेला पश्चिमेचं बर्दिया बघावं. ठाकुरद्वारा गावात राहायचं. गणनेत १२५ वाघ, माणसं चितवनाच्या मानाने तुरळक. पण ते लांब पडतं. या बारा रात्रींत बसत नाही.

पोखरा आणि घान्द्रुक

सौराहा ते पोखरा थेट बस आहे, पाच ते सात तास. पोखऱ्याबद्दल फार लिहीत नाही, फेवाताल आणि काठावरची हॉटेलं सगळ्यांना माहीत आहेत. सारंगकोटला सूर्योदयासाठी आदल्या रात्रीच वर जाऊन राहा, पहाटेची टॅक्सी-शर्यत वाचते.

दोन रात्री घान्द्रुकला द्या. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचं परमिट पोखऱ्यात पर्यटन मंडळाच्या कचेरीत मिळतं. फोटो आणि ओळखपत्र लागतं. गावापर्यंत जीप जाते. सुमारे दोन हजार मीटरवरचं हे गुरुंग लोकांचं गाव, दगडी फरशांच्या पायवाटा, पातळ शिळांची छपरं. पोखऱ्यातून माछापुच्छ्रे एका टोकाचा दिसतो. इकडे सरकलं की दुसरं टोक उघडतं आणि त्याला माशाचं शेपूट का म्हणतात ते कळतं. उंची ६,९९३ मीटर. पवित्र मानतात म्हणून त्यावर चढायला परवानगी नाही.

गुडघे बरे असतील आणि दिवस वाढवता येत असतील तर उल्लेरी, घोरेपानी, पूनहिल (३,२१० मीटर), ताडापानी, घान्द्रुक अशी चार दिवसांची वाट आहे. उल्लेरीच्या तीन हजारांहून जास्त पायऱ्या पहिल्याच दिवशी परीक्षा घेतात. तीन शब्द शिका: उकालो म्हणजे चढ, ओरालो म्हणजे उतार, तेर्सो म्हणजे सपाट. 'अलि अलि उकालो', म्हणजे थोडासाच चढ, असं गुरुंग आजी म्हणाली तर दीड तास धरा. २०२३ पासून परदेशी ट्रेकरना गाईड बंधनकारक केला आहे. अंमल कडक असो वा सैल, एकट्याने जाऊ नका. डोकं दुखून उलटीसारखं वाटलं तर वर जायचं नाही, खाली उतरायचं.

परतीचा रस्ता

पोखरा ते भैरहवा सिद्धार्थ राजमार्गाने जेमतेम १८० किलोमीटर, पण पूर्ण दिवस जातो. वाटेत तानसेन. ढाका कापड याच गावचं. टोपी किंवा शाल घ्यायची तर काठमांडूपेक्षा इथे घ्या. लुंबिनीत मायादेवी मंदिर आणि अशोकस्तंभ संध्याकाळी बघा. विविध देशांचे विहार लांब लांब आहेत, सायकल भाड्याने घ्या.

रेल्वेचं तिकीट लुंबिनीहून निघाल्याच्या दिवशीचं काढू नका. सुनौली ते गोरखपूर शंभरेक किलोमीटरच आहे, पण आदल्या दिवशी वर कुठे दरड पडली तर तुम्ही लुंबिनीलाच उशिरा पोचता. एक रात्र हाताशी ठेवा. उरलेले नेपाळी रुपये सीमा ओलांडण्याआधीच बदला. गोरखपूरच्या पुढे त्यांना कुणी विचारत नाही. माझ्या कपाटात अजून साडेतीनशे एनसी पडून आहेत, एव्हरेस्टच्या चित्रासकट.